बारा वर्षं जुना डेटा लॉगर जिवंत करून देणारा कुडाळचा रिपेअरवाला – पाच द्यायचे होते, चार स्टार देतोय

पहिलीच गोष्ट सांगतो, दुकान म्हणून शोधायला गेलात तर सापडणार नाही कारण ते दुकान नाहीच. कुडाळात मेन रोड सोडून आत गेलं की एक कौलारू घर आहे, त्याच्या पडवीत लांब टेबल, टेबलावर सोल्डरिंग स्टेशन, दोन जुने लॅपटॉप आणि खाली आंब्याच्या पेटीत भरून ठेवलेले मेलेले बोर्ड. पाटी नाही. मला नंबर मिळाला तो पंपाचं वाइंडिंग करणाऱ्याकडून, तो म्हणाला इन्व्हर्टर-बिन्व्हर्टर नेऊ नका त्याच्याकडे, घेणार नाही, पण जे बाकीच्यांनी "होणार नाही" म्हणून परत दिलंय ते न्या.

आमचं काम असं होतं. मालवण-सर्जेकोट बाजूला आमचा बर्फाचा कारखाना आहे, काकांचा, मी हिशोब आणि इलेक्ट्रिकल बघतो. मिठाच्या पाण्याच्या टाकीचं टेंपरेचर मायनस दहाच्या आसपास ठेवावं लागतं, ते वर गेलं की लाद्या जमत नाहीत आणि पहाटे होड्या लागल्या की तांडेल लोक आपल्या तोंडाकडे बघत उभे. म्हणून २०१३ मध्ये काकांनी एका कंपनीचा डेटा लॉगर घेतला होता (नाव घेत नाही, उगाच फोन येतील). निळा पत्र्याचा डबा, आत टीआय (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीच्या एएम३३५एक्स चिपचा बोर्ड, टाकीतले चार सेन्सर आरएस-४८५ च्या वायरीवरून वाचतो, दोन रिले, एक भोंगा, आणि डोंगलवरून आकडे सर्व्हरला पाठवतो आणि फोनवर मेसेज. चालला बापडा मस्त. आधी २०२१ च्या सप्टेंबरअखेर सर्व्हरला आकडे जायचे बंद झाले, त्याचं कारण मला आत्ता कळलं की वेबसाइटच्या सर्टिफिकेटचं एक जुनं रूट ३० सप्टेंबर २०२१ ला एक्स्पायर झालं आणि डब्यातलं जुनं ओपनएसएसएल (सर्टिफिकेट तपासणारं सॉफ्टवेअर) त्यावर अडून बसलं. मेसेज तरी येत होते. मग थ्रीजी बंद झालं, डोंगल मेला, नवीन फोरजी डोंगल लावला तर डबा त्याच्याकडे बघेचना.

कंपनीला फोन केला. त्यांचं उत्तर, हे मॉडेल बंद झालंय सर, नवीन घ्या, अठ्ठ्याहत्तर हजार आणि वर्षाचं सबस्क्रिप्शन वेगळं. म्हटलं निदान कर्नलचा, म्हणजे आतल्या लिनक्सच्या गाभ्याचा, सोर्स कोड द्या, लिनक्स कर्नल जीपीएल व्हर्जन २ ह्या लायसन्सखाली आहे, माल विकलात तर सोर्स मागितल्यावर द्यायचा असतो. पलीकडचा माणूस जरा गप्प राहिला आणि म्हणाला, ईमेल करा. ईमेल केला. अजून करतोय.

तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा कारखाना पण जवळजवळ बंदच, तो मुहूर्त साधून डबा गाडीत टाकला आणि चौक्यावरून कुडाळ गाठलं, काका सोबत, कारण पैसे काकांचे. पोरगा तिशीतला असेल, पुण्यात नोकरी करून परत आलेला, शब्द मोजून बोलणारा. डब्याचं झाकण उघडलं तर आत कनेक्टरवर हिरवं चढलेलं, पालीची दोन अंडी, आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी आणून ठेवलेली माती. त्याने काही न बोलता अंडी कागदावर घेऊन बाहेर पायरीवर ठेवली आणि मग ब्रश नि आयपीए (बोर्ड पुसायचं अल्कोहोल) घेऊन बसला. काकांना धीर कुठला, "रे, ह्यो आता भंगारातच घालूचो काय?" तो मान वर न करता म्हणाला, "डबो बरो असा काका. आतला सॉफ्टवेअर म्हातारा झालाहा." "मगे, पैसे किती होतले?" "आधी बघतंय."

आता इथून जरा टेक्निकल आहे, ज्यांना फक्त रेट हवा त्यांनी सरळ खाली जा.

बोर्डावर चार पिनांचं एक कनेक्टर होतं, त्याला त्याने ३.३ व्होल्टवाला यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावला, स्पीड ११५२००, आणि चालू केल्यावर लॅपटॉपवर सगळी अक्षरं धावायला लागली. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की हा डबा इतकं बोलतो. यू-बूट (म्हणजे कर्नलला उठवणारा बूटलोडर) २०११.०९, कर्नल ३.२, म्हणजे २०१२ च्या जानेवारीतलं कर्नल. त्याने समजावलं की चिपच्या आत कोरलेला रॉम कोड आधी उठतो, तो एमएलओ नावाची छोटी फाइल चिपच्या आतल्याच रॅममध्ये ओढतो (तिला जागा फक्त १०९ केबी), ती फाइल बाहेरची मोठी रॅम जागी करते आणि यू-बूटला बोलावते, यू-बूट कर्नल उचलून रॅममध्ये ठेवतो आणि उडी मारतो, तिथून पुढे लिनक्सचं राज्य. आमच्या डब्यात एमएलओ आणि यू-बूट बोर्डावरच्या नॅंड फ्लॅशमध्ये आणि कर्नल एसडी कार्डावर.

मी म्हटलं मग सगळंच नवीन टाकूया ना, यू-बूट पण. इथे मला हा माणूस पटला. तो म्हणाला नाही दादा, यू-बूटला मी हात लावणार नाही. कारण रॅमचं टायमिंग त्या एमएलओमध्ये आहे, बोर्ड कंपनीने स्वतः डिझाइन केलाय, सोर्स नाही, अंदाजाने आकडे टाकले तर चालेलही, पण एप्रिल-मे मध्ये शेडमध्ये चाळीस डिग्री झाल्यावर रॅम दगा देईल आणि तुम्ही मला शिव्या घालाल. बारा वर्षं जे रोज उठतंय त्याला उठू दे, कर्नलनेच त्याच्याशी जुळवून घ्यायचं. ह्याच्या आधी ओरोसला एकाला दाखवला होता डबा, तो पहिल्या पाच मिनिटांत "फ्लॅश मारूया" म्हणाला होता. मी नको म्हटलं म्हणून वाचलो.

पण जुळवून घ्यायचं म्हणजे काय तर भानगड अशी. जुन्या पद्धतीत यू-बूट कर्नलच्या हातात दोनच गोष्टी द्यायचा, आर१ रजिस्टरमध्ये मशीनचा नंबर आणि आर२ मध्ये ॲटॅग नावाच्या यादीचा पत्ता, त्यात रॅम किती, कमांड लाइन (कर्नलला उठताना द्यायच्या सूचना) काय वगैरे. कुठली पिन कशाला जोडलीय ते कर्नलच्याच पोटात, प्रत्येक बोर्डाची सी भाषेत वेगळी फाइल. असे बोर्ड शेकड्यांनी झाले तेव्हा २०११ मध्ये लिनक्सचा कर्ता लायनस टोरवाल्ड्स एआरएमवाल्यांवर (असल्या चिपांचा कोड लिहिणाऱ्यांवर) जाम भडकला आणि तेव्हापासून डिव्हाइस ट्रीचा जोर वाढला, म्हणजे बोर्डाचं वर्णन वेगळ्या फाइलमध्ये आणि बूटलोडरने ती फाइल कर्नलला द्यायची. त्या फाइलची सुरुवात ओळखायला एक खुणेचा आकडा असतो, डी००डीफीड, मोठ्याने वाचा म्हणजे गंमत कळेल. आता आमचं यू-बूट त्या काळाच्या उंबरठ्यावरचं, त्याला असली फाइल द्यायची असते हे ठाऊकच नाही, ते आपलं जुना मशीन नंबर ३५८९ देतंय, जो टीआयच्या स्वतःच्या डेमो बोर्डाचा आहे, आमच्या कंपनीने तो बदलायचे सुद्धा कष्ट घेतले नव्हते. आणि मेनलाइन, म्हणजे मूळ अधिकृत कर्नलमध्ये ह्या चिपला बोर्ड फाइल कधी नव्हतीच, पहिल्यापासून डिव्हाइस ट्री. म्हणजे दोघांची भाषाच वेगळी, एक जुनी मोडी लिहिणारा नि दुसऱ्याला फक्त बाळबोध वाचता येतंय.

ह्याच्यावर तोड कर्नलवाल्यांनीच करून ठेवलीय आणि ती बघून मला खरंच बरं वाटलं. कॉन्फिगमध्ये एक ऑप्शन आहे, डिव्हाइस ट्रीची फाइल कर्नलच्या शेपटीलाच चिकटवायची, अक्षरशः कॅट कमांडने दोन फाइली एकापुढे एक जोडायच्या. आणि दुसरा ऑप्शन, बूटलोडरने दिलेले ॲटॅग वाचून त्यातली रॅम नि कमांड लाइन त्या चिकटवलेल्या ट्रीमध्ये भरायची. त्याने मला पहिल्या ऑप्शनची मदतीची माहिती लॅपटॉपवर वाचून दाखवली, तिथे साफ लिहिलंय की ज्यांचा बूटलोडर बदलता येत नाही त्यांच्या सोयीसाठी हे आहे, आणि खाली ताकीद की शेपूट चिकटवणार नसाल तर हा ऑप्शन चालू ठेवू नका, रॅममध्ये उरलेला कचरा ट्रीसारखा दिसला तर कर्नल फसेल. कुठल्या तरी देशात बसलेल्या माणसाने आमच्या बर्फाच्या कारखान्यासारख्यांचा विचार करून हे लिहिलंय. मग ते सगळं गाठोडं एमकेइमेज नावाच्या टूलने यूइमेज केलं, म्हणजे पुढे ६४ बाइटचं हेडर लावलं, लोड पत्ता ८०००८०००, जसा जुन्या यू-बूटला हवा तस्सा.

कर्नल घेतलं ६.१. मी विचारलं सगळ्यात नवीन का नाही. म्हणाला डेबियन १२ (कर्नलच्या वर चालणारी तयार लिनक्स सिस्टीम) चं हेच आहे, शिवाय लिनक्स फाउंडेशनखाली सीआयपी म्हणून प्रोजेक्ट आहे, ते वीजकेंद्रं, रेल्वे असल्या गोष्टींसाठी निवडक कर्नल किमान दहा वर्षं सांभाळायचं ठरवून बसलेत, त्यात ६.१ आहे आणि आपल्याच चिपचा बीगलबोन ब्लॅक त्यांच्या टेस्टिंगच्या बोर्डांत आहे. जुनं ३.२ ठेवून नुसतं वरचं डेबियन नवीन केलं असतं तर? तेही विचारलं. नाही चालत, डेबियन १२ मधल्या सिस्टमडीला (बाकीचे प्रोग्राम सुरू करणारा मुख्य प्रोग्राम) कर्नल कमीत कमी ४.१५ लागतं.

पहिल्या दिवशी हे बघायला मी तिथेच थांबलो होतो. कार्ड घातलं, चालू केलं, यू-बूट नेहमीसारखं बोललं, "स्टार्टिंग कर्नल" असं आलं आणि पुढे तीन टिंबं. मग काहीच नाही. पाच मिनिटं आम्ही दोघं त्या तीन टिंबांकडे बघत बसलो, बाहेर धो धो पाऊस, त्याच्या आईने चहा आणून ठेवला तोही गार झाला. मला वाटलं झालं, गेला डबा. तो मात्र शांत, डब्याच्या लॅन पोर्टचा दिवा लुकलुकतोय हे त्याने बघितलं होतं. म्हणाला चालू आहे तो, फक्त बोलत नाहीये. कारण काय तर जुन्या कर्नलमध्ये ह्या चिपच्या सिरियल पोर्टचं नाव टीटीवायओ होतं, ओ म्हणजे अक्षर ओ, शून्य नव्हे, आणि त्याच्यापुढे पोर्टचा नंबर शून्य, किती लोकांनी त्यात डोकं फोडलं असेल देव जाणे. नवीन ड्रायव्हरमध्ये तेच पोर्ट टीटीवायएस झालं. आमचं यू-बूट अजून जुन्या नावाने हाक मारतंय. ह्याला पण कर्नलमध्ये ऑप्शन आहे, जुनं नाव आलं तर आपणहून नवीन करून घे, आणि त्याच्या माहितीत लिहिलंय की तुम्ही स्वतः हे वाचत असाल तर हा ऑप्शन बंद ठेवा आणि कमांड लाइन सुधारा, इतर लोकांना द्यायला कर्नल बनवत असाल तर चालू ठेवा. म्हणजे वाचणाऱ्याला थोडी टपली पण आहे. त्याने दोन्ही केलं, ऑप्शन चालू ठेवला आणि कार्डावरच्या यूएन्व्ह ह्या यू-बूटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये नाव पण बदललं.

पुढचं दोन आठवड्यांचं मला फोनवरच कळलं. कर्नल उठलं, लॉगिन आलं, आणि मिनिटभराने डबा रिस्टार्ट. परत उठला, परत मिनिटभराने रिस्टार्ट. त्याने पॉवर सप्लाय बदलून बघितला, दोन कपॅसिटर बदलले (बिलात लावले नाहीत), शेवटी भिंगाखाली बोर्ड घेऊन ट्रॅक काढत गेला तर कोटिंगखाली एक आठ पायांची छोटी वॉचडॉग चिप. तिला एका पिनेवरून दर थोड्या वेळाने टिचकी द्यावी लागते, नाही दिली की ती सगळ्यांना रिसेट मारते. जुन्या कंपनीच्या कर्नलमध्ये ते आतच लिहिलेलं, म्हणून कुणाला माहीतच नाही. कर्नलमध्ये जीपीआयओवरच्या (चिपच्या चालू-बंद करता येणाऱ्या साध्या पिनेवरच्या) वॉचडॉगचा तयार ड्रायव्हर आहे, डिव्हाइस ट्रीमध्ये चार ओळी लिहिल्या आणि प्रकरण मिटलं. बाकीच्या पिना कुठे जातात ते त्याने जुनं कार्ड घालून जुन्या कर्नलच्याच डीबगच्या फाइलींतून उतरवून घेतलं होतं, वहीत, पेन्सिलने, चौकटी आखून. ती वही बघण्यासारखी आहे.

आणि मग कंपनीचं ॲप. त्याचाही सोर्स नाही, नुसती बायनरी, २०१३ ची, ती पण जुन्या सॉफ्ट-फ्लोट पद्धतीची, म्हणजे नव्या डेबियनच्या लायब्रऱ्यांशी जमणारच नाही. त्याने जुनी अख्खी फाइल सिस्टीम एका फोल्डरमध्ये टाकली आणि ॲपला सांगितलं की हेच तुझं घर, सीएचरूट म्हणतात त्याला. वर बाहेर नवीन यूडेव्हमध्ये (पोर्टांना नावं देणारा प्रोग्राम) एक ओळ, टीटीवायएस१ ला टीटीवायओ१ पण म्हणा, कारण ॲपमध्ये जुनं नाव ठोकून बसवलेलं. कर्नलवाले आपसात नियम पाळतात की वरचा प्रोग्राम काल चालत होता तर आज कर्नल बदललं म्हणून मोडता कामा नये, तो नियम किती खरा आहे ते इथे दिसलं, बारा वर्षांपूर्वीची बायनरी ६.१ वर पहिल्या फटक्यात उठली आणि टाकीचे चारही सेन्सर वाचायला लागली. सर्व्हरला पाठवायचं काम मात्र त्याने ॲपकडून काढून घेतलं, त्यासाठी वेगळी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे सर्टिफिकेटची कटकट नवीन डेबियन बघेल.

आता एक स्टार का कापला ते. डबा घरी आणला, बसवला, फोरजी डोंगल चालला, फोनवर आकडे आले, काका खूश. रात्री दीड वाजता भोंगा. अख्खी वाडी उठली. मी धावत गेलो तर टेंपरेचर व्यवस्थित, पण पाणी फिरवायचा पंप बंद आणि भोंगा चालू. झालं असं की ॲप रिले चालवतं ते सिसएफएसमधल्या (कर्नल दाखवतं त्या फाइलींमधल्या) जीपीआयओच्या नंबरवरून, आणि नंबर कायम तेच राहतील ही हमी कर्नल देत नाही. ती पद्धतच २०१६ मध्ये ४.८ पासून जुनी ठरवून बाजूला ठेवलीय. आमच्याकडे नवीन कर्नलमध्ये पिनांच्या गटांचा (बँक म्हणतात त्यांना) क्रम वेगळा आला, त्यामुळे ॲपला वाटलं आपण पंप लावतोय आणि लागला भोंगा. हे त्याने टेबलावर रिले लावून तपासायला हवं होतं, नुसते सेन्सर लावून तपासलं. नशीब ऑगस्ट लागायचा होता आणि टाकीत माल नव्हता, ऐन हंगामात झालं असतं तर दिवसभराची बर्फाची वाट लागली असती. सकाळी फोन केला तर कारणं सांगत बसला नाही, "चूक माझी, येतंय" म्हणाला आणि दहाच्या आत बाइकवरून भिजत हजर. ॲपला जुनेच नंबर दिसतील अशी सोय त्याने सीएचरूटच्या आत करून दिली, मग स्वतः भोंगा, पंप, कंप्रेसरचा रिले एकेक करून तीन तीनदा चालवून दाखवला. पैसे घेतले नाहीत, सौंदाळ्याचं तिखलं खाऊन गेला.

बिल साडेनऊ हजार झालं, एसडी कार्डाचे नऊशे वेगळे, औद्योगिक ग्रेडचं घ्यायला लावतो, घ्या, साधं कार्ड लाईट जायच्या आपल्या सवयीपुढे टिकत नाही. आठवडा म्हणाला होता, लागले तीन. फोन पहिल्या रिंगला उचलत नाही. पावती कच्ची देतो, जीएसटीचं बिल हवं असेल तर आधी विचारा. पण परत देताना जुनं कार्ड न पुसता वेगळ्या पिशवीत घालून देतो, म्हणजे काही बिनसलं तर कार्ड बदललं की डबा परत २०१३ मध्ये, हे मला फार आवडलं. सोबत पेन ड्राइव्हवर नव्या कार्डाची इमेज, कर्नलचं कॉन्फिग, डिव्हाइस ट्रीचा सोर्स आणि वहीच्या त्या पानांचे फोटो. कंपनीने बारा वर्षांत जे दिलं नाही ते.

काय नेऊ नये: मोबाइल, टीव्ही, इन्व्हर्टर. जळालेला बोर्ड पण घेत नाही, निदान सिरियलवर एखादं अक्षर तरी फुटायला हवं म्हणतो. नेताना सगळ्या वायरी, सेन्सर, भोंगा, जे जे डब्याला लागतं ते सगळं घेऊन जा आणि रिले लावूनच टेस्ट करा असं समोर उभं राहून सांगा. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा होडीवाल्यांचे फिश फाइंडर आणि वायरलेस घेऊन लाइन लागलेली असते. गाडी वर रस्त्यालाच लावा, खाली उतार आहे आणि पावसात चाक रुततं, आमचं रुतलं होतं, त्याने आणि काकांनी मिळून ढकललं.